आडभागातल्या पहिल्या दातवाल्या डॉक्टरांची माहिती कशी गोळा करायची

पावसाळ्यात आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली कितीतरी गावं बेट होऊन बसतात. आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोली, कृष्णापूर ही भीमगडच्या जंगलातली गावं घ्या, जून-जुलैत नाले भरले आणि साकव पाण्याखाली गेला की आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर. आजही तिथनं आजारी माणसाला डोलीत घालून चालत आणावं लागतं, मग साठ-सत्तर वर्षांपूर्वी दाढ सुजून डोळा मिटलेल्या माणसाचं काय होत असेल बघा. अशा भागात पहिल्यांदा जो कोणी दातांचा डॉक्टर म्हणून जाऊन बसला त्याचं नाव कुठल्या पुस्तकात मिळत नाही, आणि ज्यांनी त्याच्यासमोर तोंड उघडलं होतं ती माणसं आता ऐंशी-पंच्याऐंशीची झालीत. दरवर्षी त्यातली दोन-चार कमी होतात. म्हणून हे लिहायला घेतलंय.

आमच्या आजोळी, जांबोटीकडे, असेच एक डॉक्टर यायचे. खानापुरात त्यांची एक खोली होती आणि पाऊस सोडला तर महिन्यातनं दोन-तीनदा आतल्या गावांत जायचे. लोक नुसतं दातवाले डॉक्टर म्हणायचे. घरच्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय म्हणून इथे देत नाही, पण गेली तीन वर्षं मी त्यांची माहिती जमवतेय आणि त्यात काय जमलं, काय चुकलं ते सगळं सांगते. तुमच्या भागात, चंदगडकडे असो निपाणीकडे असो नाहीतर रामदुर्गकडे, असा कोणी डॉक्टर होऊन गेला असेल तर उपयोग होईल.

पहिलं म्हणजे कागदाच्या मागे लागू नका, आधी माणसं गाठा. मी उलटं केलं, सहा महिने एका ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, जुनं रजिस्टर बघायला द्या म्हणून अर्ज दिले, शेवटी कळलं की ते पावसात भिजून कधीच गेलंय, आणि त्या सहा महिन्यांत डॉक्टरांचे जुने कंपाउंडर वारले. ते बारा वर्षं त्यांच्याबरोबर फिरले होते. ते नुकसान आता भरून येणार नाही. कागद अजून वर्षभर थांबेल, माणूस थांबत नाही.

माणसांकडे गेल्यावर विचारायचं कसं, तर 'डॉक्टर कसे होते हो?' असं विचारू नका. सगळे म्हणतात देवमाणूस होते, आणि तिथं बोलणं संपतं. त्याऐवजी विचारा, 'तुमची कुठली दाढ काढली होती? दाखवा की.' एवढं विचारलं की माणूस आपोआप बोट तोंडात घालतो आणि त्या बोटाबरोबर सगळं बाहेर येतं. कणकुंबीकडच्या एका आजीनं गालाचा कोपरा बोटानं ओढून मला खालच्या बाजूची मोकळी जागा दाखवली आणि बोलायला लागली, पहाटे कंदील घेऊन भाऊ पुढं, ती मागं, दोन नाले ओलांडून आले, शाळेच्या व्हरांड्यात लाकडी खुर्ची मांडलेली, कंपाउंडरनं मागनं डोकं पोटाशी धरलं, डॉक्टरांनी पितळेच्या तांब्यातलं मिठाचं कोमट पाणी चूळ भरायला दिलं. 'मी वरडले न्हाई बाळ, पर खुर्चीचा हात असा धरलेला की नखात लाकडाची कुसळं गेली.' दाढ कागदात गुंडाळून हातात दिली ती तिनं परतताना नाल्यात टाकली. डॉक्टरांचा स्वभाव, पद्धत, कोण बरोबर असायचं, कुठं बसायचे, सगळं त्यात आलं, आणि मी फक्त एक प्रश्न विचारला होता.

भुलीचं आवर्जून विचारा. 'सुई मारल्यावर ओठ जड झाला होता काय?' असं विचारा, कारण भूल हा शब्द लोक ऑपरेशनसाठी वापरतात आणि नाही म्हणून मोकळे होतात. नोवोकेन हे टोचायचं औषध जर्मनीत १९०५ मध्ये आलं होतं, आणि आज आपण ज्याला झायलोकेन म्हणतो ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झालं आणि १९४८ पासून विकायला लागलं. म्हणजे औषध जगात होतं, पण ते खानापूरच्या पुढं जंगलात किती पोचायचं, संपलं की डॉक्टर काय करायचे, कुणाला द्यायचे आणि कुणाला तशीच दाढ काढायचे, ही खरी माहिती आहे आणि ती फक्त पेशंटच देऊ शकतात. मला दोघं-तिघं म्हणाले की लहान पोरांना आणि बाळंतिणींना आधी सुई, गडीमाणसांना उरली तर. ही गोष्ट मी कुठल्याच कागदात वाचली नसती.

आता सालाचं. आपल्या लोकांना साल आठवत नाही आणि ते विचारून त्यांना लाजवू पण नका. मोठ्या घटनेच्या अलीकडं का पलीकडं एवढं विचारा. गांधींचा खून झाला त्याच्या आधी का नंतर (जानेवारी १९४८), आपण म्हैसूर राज्यात गेलो त्याच्या आधी का नंतर (१ नोव्हेंबर १९५६), गोवा सुटला तेव्हा (डिसेंबर १९६१), कोयनेचा भूकंप झाला पहाटे भांडी पडली तेव्हा (११ डिसेंबर १९६७), अथणीकडं असाल तर बहात्तरचा दुष्काळ. बाईमाणसाला विचारताना लग्नाच्या आधी का नंतर, थोरला पोटात होता काय, हे जास्त पक्कं लागतं. फीवरनं साल काढायला जाऊ नका, नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले तरी आपल्याकडं चार आणे आठ आणे म्हणायची सवय पुढं कितीतरी वर्षं होती, मी त्यात फसले आणि एका आजीची आठवण दहा वर्षं मागं नेऊन ठेवली, मग तिच्या धाकट्या बहिणीनं दुरुस्त केली. एकाच घरातल्या दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं तर असल्या चुका सापडतात.

मग कागद. इथं सीमाभागातल्या माणसाला एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला हा त्रास नाही. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर, त्याचंच १९७३ ला कर्नाटक झालं. चंदगड तालुका आधी बेळगाव जिल्ह्यात होता तो १९५६ ला कोल्हापूर जिल्ह्यात गेला. आणि त्याच्याही आधी बघायचं तर बेळगाव शहराला लागून असलेलं शहापूर हे सांगली संस्थानात, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान, म्हणजे बेळगावच्या एका गल्लीतनं दुसऱ्या गल्लीत डॉक्टरनं दवाखाना हलवला तरी राज्य बदलायचं. त्यामुळं एकाच डॉक्टरचा अर्धा कागद मुंबईत, अर्धा बेंगळुरात, आणि संस्थानी काळातला तिसरीकडंच असं होतं. नुसतं बेंगळुरात विचारून 'नोंद नाही' म्हणून उत्तर आलं तर खचू नका. १९५६ च्या आधीची नोंदणी असेल तर मुंबईला विचारायचं, नंतरची असेल तर बेंगळुरला, आणि मधल्या वर्षांचं दोन्हीकडं. माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, अर्जात डॉक्टरांचं नाव सगळ्या स्पेलिंगनी लिहा, कारण आपल्याकडचं आडनाव इंग्रजीत एक, कन्नडात एक आणि मराठीत एक असतंय.

नोंदणीबद्दल एवढं माहीत असू द्या की दातांच्या डॉक्टरांचा कायदा झाला १९४८ मध्ये, डेंटिस्ट्स ऍक्ट. त्याच्या आधी आपल्या भागात कोणीही दात काढू शकत होता. कायद्यानं रजिस्टरचे दोन भाग केले, अ भागात कॉलेजची पदवी असलेले, आणि ब भागात पदवी नाही पण निदान पाच वर्षं हाच धंदा करून पोट भरलेले. आपल्या आडभागातले जुने डॉक्टर पुष्कळदा ब भागात सापडतात आणि घरच्यांना ते सांगायला संकोच वाटतो, 'आमच्या आजोबांकडे डिग्री नव्हती' म्हणायला नको वाटतं. मला वाटतं इथं आपण घरच्यांना समजावून सांगायला पाहिजे. त्या काळात शिकायचं म्हटलं तर होतं कुठं? देशातलं पहिलं डेंटल कॉलेज कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये काढलं, ते स्वतः अमेरिकेत आयोवाला शिकून आले होते. मुंबईत नायर हॉस्पिटलचं १९३३ ला आलं, बेंगळुरचं सरकारी १९५८ ला, आणि आपल्या बेळगावात केएलई संस्थेचं डेंटल कॉलेज व्हायला १९८५ उजाडलं. खानापूरच्या पोरानं १९४० साली कुणाच्या तरी हाताखाली राहून, भांडी धुऊन, सुया उकळून, बघून बघून हे काम शिकलं असेल तर त्यात लपवायचं काय आहे? उलट कुणाकडं शिकले, कुठल्या गावात, किती वर्षं, हे जरूर विचारा. आमच्या डॉक्टरांच्या बाबतीत तेच सगळ्यात उशिरा कळलं आणि तेच सगळ्यात मोलाचं निघालं, बेळगाव कॅम्पातल्या एका दवाखान्यात ते आधी झाडलोट करायला लागले होते.

घरात जुनी वही मिळाली तर तुमचं नशीब. मला एक मिळाली, बाकीच्या चार घरच्यांनी घर बदलताना रद्दीत घातल्या होत्या. त्यात मराठी, इंग्रजी आणि मधे मधे हिशेबाला मोडी असं मिसळ आहे. मोडी वाचता येत नसेल तर फोटो काढून वाचणाऱ्याला दाखवा, अंदाजानं काही लिहू नका. दातांच्या खुणा मात्र अगदी सोप्या असतात, एक अधिकचं चिन्ह काढलेलं असतं आणि त्याच्या एका कोपऱ्यात आकडा. आडव्या रेघेच्या वर म्हणजे वरचा जबडा, खाली म्हणजे खालचा. डावी-उजवी मात्र उलटी धरायची, कारण डॉक्टर पेशंटच्या समोर उभं राहून लिहितो, त्यामुळं कागदावर डावीकडं लिहिलंय ते पेशंटच्या उजवीकडचं. आकडे मधल्या पटाशीच्या दातापासनं मोजायचे, १ म्हणजे मधला दात, ३ म्हणजे सुळा, ६ म्हणजे पहिली मोठी दाढ, ८ अक्कलदाढ. पुष्कळदा पूर्ण चिन्ह न काढता नुसता एक कोपरा काढलेला असतो. याला पामर पद्धत म्हणतात. त्याजागी ४६, ३८ असे दोन आकडी नंबर दिसले तर ते पान १९७० च्या पुढचं धरा, कारण ती पद्धत तेव्हापासनं चालू झाली. माझ्या वहीत एका पानावर असं आहे, गावाचं नाव, बाई, वय अंदाजे ४०, खाली डावीकडं ६, पुढं 'काढली', पुढं 'भात १ पायली, बाकी नाही'. एवढ्या एका ओळीत दाढ कुठली, फी कशात दिली आणि हिशेब मिटला हे सगळं कळतं. मध, काजू, नाचणी, एका ठिकाणी कोंबडी, असंही लिहिलंय. अशा ओळी जशाच्या तशा उतरवा, आपल्या शब्दात सुधारून लिहू नका.

सामानाबद्दल दोन महत्त्वाच्या सूचना आहेत आणि त्या मनावर घ्या. जुन्या दवाखान्याची पेटी उघडताना बाटल्यांची बुचं काढून वास घेऊ नका. दातात चांदी भरायला पारा लागायचा, तो बाटलीत अजून तसाच असतो, सांडला तर घरभर बारीक गोळ्या पळतात आणि त्याची वाफ अंगाला वाईट. आणि नस मारायला पूर्वी आर्सेनिकची, म्हणजे सोमलाची, पेस्ट वापरत, ती चिमूटभर पण विषच आहे. पोरांना लांब ठेवा, हातात मोजे घाला, बाटली तशीच पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि कुणा माहितगार डॉक्टरला दाखवा. पाठीमागच्या शेतात पुरून टाकू नका.

बाकी सामान मात्र निवांत बघण्यासारखं. पायानं चालवायचं ड्रिल असेल तर त्याचा फोटो चहूबाजूंनी काढा, शिलाई मशीनसारखं पायाखाली पायडल, वर चाक, चाकावरनं दोरी हातातल्या दांडीपर्यंत. हे मशीन अमेरिकेत मॉरिसन नावाच्या डॉक्टरनं १८७१ मध्ये काढलं आणि जिथं लाईट नव्हती तिथं ते पुढं कितीतरी वर्षं चाललं. हवेवर फिरणारं वेगाचं ड्रिल आलंच १९५७ ला, आणि आमच्या आतल्या गावांत तेव्हा वीजच नव्हती. पेशंटना आवाज विचारा, मला एक काका म्हणाले की पाय दमला की दात दुखायचा, कारण फिरकी हळू झाली की जास्त टोचायची, म्हणून डॉक्टर जेवल्यावर लगेच भरायचं काम घ्यायचे नाहीत, नाष्टा करून सकाळी घ्यायचे.

कवळी सापडली तर तीही बोलते. लालसर-तपकिरी, अपारदर्शक, घट्ट रबरासारखी असेल आणि अंगठ्यानं जोरात घासल्यावर गंधकाचा वास आला तर ती व्हल्कनाइटची, म्हणजे जुन्या पद्धतीची. हिरडीसारखी गुलाबी आणि जरा आरपार दिसणारी असेल तर ऍक्रिलिकची, ते कवळीसाठी १९३० च्या दशकाच्या शेवटी आलं आणि मग सगळीकडं तेच झालं. यावरनं नेमकं साल निघत नाही, पण आठवणीला जोड मिळते. कवळी मागून घेऊ नका, घरच्यांच्या हातात असतानाच फोटो घ्या, ती त्या माणसाच्या तोंडातली वस्तू आहे.

डॉक्टर यायच्या आधी लोक काय करायचे हे विचारायला विसरू नका, नाहीतर डॉक्टरांनी काय बदललं ते कळणारच नाही. आमच्याकडं काटेरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीनं त्याची धुरी तोंडात घ्यायचे आणि कीड पडली म्हणायचे. लवंगेचं तेल, हळद-मीठ, आणि फारच झालं तर गावातला न्हावी नाहीतर एखादा जाणता माणूस दात उपटायचा. त्यांचा पाणउतारा होईल असं लिहू नका. आमचे डॉक्टर स्वतः त्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन बसायचे, कारण लोकांचा विश्वास त्याच्यावर होता. आणि मशेरी, तिच्याशिवाय या भागातल्या दातांची गोष्ट पूर्ण होत नाही. निपाणीची तंबाखू घराघरात, बायका तव्यावर भाजून दिवसातनं तीन-चारदा लावायच्या, दात दुखला की अजून जास्त लावायच्या. डॉक्टर मशेरी सोडा म्हणायचे तेव्हा बायका काय उत्तर द्यायच्या ते विचारा, मला त्यावर एका घरात तासभर बोलणं मिळालं.

खाण्याचं पण विचारा, चहा गावात कधी आला, साखर कधी, बिस्किटं कधी. हे कशासाठी ते एका उदाहरणानं सांगते. दक्षिण अटलांटिक समुद्रात ट्रिस्टन दा कुन्हा म्हणून एक बेट आहे, जगातल्या सगळ्यात एकाकी वस्त्यांपैकी, बोटीशिवाय वाट नाही, वस्ती तेव्हा साधारण दोनशे माणसांची. १९३७-३८ मध्ये नॉर्वेचं एक शास्त्रज्ञांचं पथक तिथं गेलं, त्यात राइडर सोग्नेस नावाचा तरुण दातांचा डॉक्टर होता. त्यानं बेटावरच्या लोकांची तोंडं तपासली तर कीड फारच कमी. माणसं बटाटे आणि मासे खाऊन राहायची, साखर-मैदा क्वचित बोटीनं आला तर. नंतर युद्ध संपल्यावर शेवंडं (लॉबस्टर) पकडून डब्यात भरायचा उद्योग आला, दुकान आलं, पगार आले, दुकानातलं खाणं आलं, आणि दात किडायला लागले. सोग्नेसनं नुसते दात मोजले नाहीत, खाणं पण लिहून ठेवलं, म्हणून पुढच्या लोकांना फरक दाखवता आला. आपल्या जंगलातल्या गावांत नाचणीची भाकरी आणि भात, गूळ सणाला, अशा घरातल्या म्हाताऱ्यांचे दात आणि रस्त्यावरच्या गावातल्यांचे दात यात फरक होता का, हे डॉक्टरांनी कुणाला बोलून दाखवलं असेल. कंपाउंडर असते तर मी त्यांना हेच विचारलं असतं.

एकदा तरी डॉक्टरांच्या वाटेनं स्वतः जा. गाडीनं नको, चालत, निदान शेवटचा तुकडा. मी डिसेंबरात गेले, कोरड्या नाल्यातनं, पाठीवर फक्त पाण्याची बाटली आणि डबा, तरी दोन तास लागले. त्यांच्याबरोबर ड्रिलची पेटी, स्टोव्ह, सुया उकळायचं भांडं, औषधं, हे डोक्यावर घेणारा माणूस आणि स्वतःच्या हातात पक्कडांची पिशवी. वाटेत कुठं थांबायचे, पाणी कुणाच्या घरी प्यायचे, मुक्काम कुठल्या देवळात, हे चालताना बरोबरच्या माणसाला आठवत जातं, घरात बसून आठवत नाही. वहीत वेळ टिपा, एका नाल्यापासनं दुसऱ्यापर्यंत किती मिनिटं, कुठं चढ, कुठनं मोबाईलची रेंज जाते. एसटी त्या फाट्यापर्यंत कधी आली तेही तिथंच विचारा.

रेकॉर्डिंग करताना आधी विचारा, फोन समोर ठेवून करा, लपवून नाही. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते तोंडानं बोलून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी आवाज कुणाचा ते कळत नाही. कोणी कन्नडात सांगितलं, कोणी कोंकणीत, तर तसंच राहू द्या आणि खाली मराठी लिहा, हे डॉक्टर तिन्ही भाषांत 'आ करा' म्हणायचे आणि लोकांना ते अजून आठवतंय. वहीतल्या पेशंटची नावं मात्र बाहेर देऊ नका. दाढच काढली होती तरी ती त्या घरची गोष्ट आहे, आणि वहीत दातांशिवाय पण बरंच लिहिलेलं असतं, कुणाचे पैसे बुडाले, कुणाला मार लागून दात पडला. मी लिहिताना फक्त गाव आणि वय ठेवते. एक बाई म्हणाल्या माझं नाव घाला, तर त्यांचं घातलं, त्यांच्या लेकीसमोर विचारून.

सगळं झालं की एक प्रत घरच्यांना द्या, कागदावर छापून, पेन ड्राइव्ह घरात हरवतंय. एक प्रत गावच्या शाळेत, एक तालुक्याच्या नाहीतर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात. पूर्ण व्हायची वाट बघू नका, दहा पानं झाली तर दहा द्या. मी पहिली बारा पानं आजोळच्या शाळेत दिली तेव्हा ती वाचून तिथल्या शिपायानं सांगितलं की ज्या खुर्चीबद्दल आजी बोलली ती शाळेच्या माळ्यावर अजून आहे. जाऊन बघितली. एका हाताला कड खरवडल्यासारखी झाली होती. ती तिच्या नखांची का आणि कुणाची, माहीत नाही, फोटो काढून वहीत लावलाय.

जंगलातल्या गावांचं काम मेअखेरपर्यंत उरका, एकदा पाऊस लागला की चार महिने काही करता येत नाही. मी यंदा गवाळीला जाणार आहे, तिथं एका आजोबांकडं डॉक्टरांनी केलेली कवळी आहे आणि ते ती अजून फक्त गणपतीत मोदक खायला लावतात असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलंय.